कुत्रा चावला? आधी नळ सोडा

शेजारचा मुलगा म्हापशाच्या बाजारातून आला तो पोटरी धरूनच. कुत्र्याने दात लावले होते. कुणी हळद आणली, कुणी चुना. नळाकडे मात्र कुणी बघेना. शेवटी मीच म्हटलं, "काकू, हळद राहू दे, आधी नळ सोडा."

जखम धारेखाली धरा आणि साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. अंगाचा साबण नसला तर कपड्यांचा चालतो. घड्याळ लावा, कारण चार मिनिटांत "पुरे आता" सुरू होतं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण तेच फोडतो. मिरचीपूड, चुना, कॉफी, पाला यांतलं काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका, टाक्यांची घाई नको.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रक्त न येता नुसतं ओरखडलं असलं तरी लस हवीच. रक्त आलं असेल किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर लशीसोबत जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडंही टोचतात. लस अंगात काम करू लागेपर्यंत मधल्या दिवसांत तेच विषाणूला अडवतं. "ते पण देणार ना?" असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. मांजर किंवा माकड चावलं तरी हेच करायचं.

पोटात चौदा सुया हा आता जुना इतिहास झाला. लस दंडात देतात. कातडीत द्यायची तर 0 (म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत द्यायची तर पाच वेळा. चतुर्थीच्या गडबडीत शेवटची सुई हमखास हुकते, म्हणून तारखा कालनिर्णयवर आजच लिहून टाका. मासे चालतात का, हा प्रश्न गोव्यात येणारच. चालतात. पथ्य काही नाही.

कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. तो ठणठणीत राहिला तर पुढच्या सुया लागतील का, ते डॉक्टर ठरवतील. पण पहिल्या सुईसाठी दहा दिवस थांबून राहू नका. विषाणू नसांतून मेंदूकडे सरकतो, आणि पाण्याची भीती, घशाचे आचके सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्यच.

"गोव्यात रेबीज आहे कुठे?" असंही ऐकू येतं. जाळी घेऊन फिरणाऱ्या, कुत्र्यांना लस टोचणाऱ्या मिशन रेबीज संस्थेच्या पथकांनी खरंच मोठं काम केलं, 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. पण महाराष्ट्राच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका कुत्र्यांना लागू नाही. लस दिलेल्या कुत्र्यांना पथक रंग लावतं. तसा ठिपका दिसला तरी चावा तो चावाच.

घरचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस द्या, पुढच्या मात्रा ते सांगतील तशा. कार्ड मात्र जपून ठेवा. आमच्याकडचं एकदा उंदराने कुरतडलं, तेव्हापासून ते रेशनकार्डाच्या डब्यात असतं.