कस्टमरच्या रेकॉर्डला हात लावणाऱ्या एजंटसाठी टूलचं डिस्क्रिप्शन कसं लिहायचं

मी नाशिकमध्ये कृषी सेवा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, ग्राहकांची खाती, उधारी, बिलं वगैरे. ऑक्टोबर छाटणीच्या गर्दीत एका दुकानात एआय एजंट जोडून दिला, दुकानदार बोलणार आणि एजंट रेकॉर्डमध्ये नोंद करणार असं. दुसऱ्याच दिवशी एका शेतकऱ्याचा पत्ता, गट नंबर, द्राक्षाची व्हरायटी सगळं कोरं. दुकानदार फक्त एवढंच म्हणाला होता की दादांचा मोबाईल बदललाय, नवीन टाक.

चूक एजंटची नव्हती, माझी होती. रेकॉर्ड बदलायला एजंट जे टूल वापरतो, म्हणजे मी त्याला दिलेलं फंक्शन, त्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये मी एकच ओळ लिहिली होती, "ग्राहकाची माहिती अपडेट करतं", आणि टूल आतून अख्खं रेकॉर्ड नव्याने लिहायचं, जे फील्ड आलं नाही ते रिकामं. आता हे एजंटला कुठून कळणार? त्याला कोड दिसत नाही, त्याला टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा स्कीमा (कोणती माहिती कशा स्वरूपात भरायची ते) दिसतो, बस. म्हणून टूल काय करतं एवढं लिहून भागत नाही, टूल चालल्यावर रेकॉर्डचं काय होतं ते लिहा. मी आधी कोड सुधारला आणि मग हे लिहिलं:

"दिलेल्या ग्राहक आयडीच्या रेकॉर्डमध्ये फक्त पाठवलेली फील्ड बदलतं, बाकीची आहेत तशीच राहतात. फील्ड मुद्दाम रिकामं करायचं असेल तरच नल (null, म्हणजे 'काहीच नाही') पाठवा. उधारीची बाकी यातून बदलत नाही, त्यासाठी 'जमा नोंद' हे टूल वापरा. आयडी माहीत नसेल तर आधी 'ग्राहक शोधा' हे टूल चालवा, अंदाजाने आयडी भरू नका."

चार वाक्यं झाली, पण यातलं एकही काढता येत नाही. "यासाठी हे टूल नाही" हे वाक्य तर लोक हमखास विसरतात, आणि दोन टूल एकमेकांसारखी असली की गोंधळ तिथेच होतो, त्यामुळे ती हद्द दोन्ही टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा.

आपल्याकडे खरी परीक्षा शोधायच्या टूलची आहे. निफाड, दिंडोरीकडच्या एखाद्या गावात निम्मं गाव एका आडनावाचं असतं, चुलतभावांची नावंही सारखी, त्यात पिंपळगाव बसवंत वेगळं आणि पिंपळगाव बहुला वेगळं, आणि जुन्या डेटात कुणी नाशिक लिहिलंय कुणी नासिक. तर डिस्क्रिप्शनमध्ये स्पष्ट लिहा की शोध नावावर होतो, गावावर होतो की मोबाईलवर, अर्धवट नाव चालतं का, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग जुळतात का, जास्तीत जास्त किती रेकॉर्ड परत येतात. एकापेक्षा जास्त आली तर स्वतः निवडू नको, गाव आणि मोबाईलचे शेवटचे ४ अंक दाखवून विचार, हेही तिथेच लिहा. आणि यादी रिकामी आली म्हणजे ग्राहक नवीन आहे असं नाही, आधी मोबाईलवरून शोध, मगच नवीन खातं उघड. हे नसेल तर एकाच माणसाची तीन खाती होतात आणि उधारी तिन्हीकडे विखुरते, मग हिशोब जुळवता जुळवता रात्र होते.

पॅरामीटरचं थोडक्यात सांगतो. मोबाईल १० अंकी, पुढे शून्य किंवा +९१ नको. तारीख वर्ष-महिना-दिवस, कारण ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे हे कुणीच सांगू शकत नाही. रक्कम रुपयात. खात्याची स्थिती चालू किंवा बंद, असे ठरलेलेच पर्याय द्या. जीएसटी नंबर १५ अक्षरी आणि महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने, पण तो सक्तीचा ठेवू नका, बहुतेक शेतकऱ्यांकडे तो नसतोच, आणि सक्तीचं फील्ड दिलं की मॉडेल कधीकधी काहीतरी बनवून भरतं.

खातं डिलीट करणं किंवा दोन खाती एकत्र करणं यासाठी मात्र डिस्क्रिप्शनवर विसंबू नका. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या एमसीपीमध्ये (एजंटला टूल जोडायची एक ठरलेली पद्धत) टूल डेटा पुसू शकतं अशी खूण टाकता येते, पण ती नुसती सूचना आहे, कुलूप नाही. माणसाचा होकार कोडमध्येच घ्या.

एररचे मेसेजही एजंटच वाचतो, तेव्हा "एरर ४००" ऐवजी "मोबाईल ९ अंकी आलाय, १० पाहिजे, ग्राहकाला विचारा" असं परत पाठवा, मग तो नीट विचारतो.

सगळं लिहून झालं की काउंटरवर जाऊन बसा आणि लोक खरंच काय बोलतात ती २०-२५ वाक्यं टिपून घ्या, आणि त्यांच्यावरच टेस्ट करा. डिस्क्रिप्शन इंग्रजीत लिहिलं तरी चालतं, पण उधारी, बाकी, जमा हे शब्द त्यात असू द्या, कारण दुकानदार तेच बोलणार. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या वाक्याने, "नाना म्हणालेत द्राक्षं निघाली की देतो, लिहून ठेव." एजंटने देय तारखेत स्वतःच्या मनाने ३१ मार्च टाकली होती. आता त्या फील्डच्या डिस्क्रिप्शनमध्ये आहे, "ग्राहकाने नेमकी तारीख सांगितली असेल तरच भरा, नाहीतर रिकामं ठेवा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे शेऱ्यात लिहा."