वळताना घोडी पडायची, ते कसं थांबवलं: माझा अनुभव

आमची राणी 7 वर्षांची, नागावच्या वाडीत असते. गेल्या पावसाळ्यात तबेल्याबाहेर काढून वळवली की मागचे पाय एकमेकांत अडकायचे आणि ती मागच्या मागे बसायची. मागच्या खुरांची टोकं घासून सपाट झाली होती.

रक्त तपासलं, सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार) निघाला नाही. मानेच्या एक्स-रेत मणक्यांमधली वाट अरुंद दिसली, मज्जारज्जूवर दाब, म्हणून मागच्या पायांवर ताबा राहत नव्हता. नाल बदलले, तेल चोळलं, रबरी चटया टाकल्या. काही उपयोग नाही. रात्री धप्प आवाज आला की काळजात चर्र व्हायचं.

फरक पडला तो असा. आधी तबेल्याची समोरची जांभ्याची भिंत फोडून दार तिथे केलं, म्हणजे ती सरळ बाहेर येते, वळावं लागत नाही. मग उंबरा काढला. चटयांखाली पाणी साचून त्या सरकत होत्या, म्हणून त्या उचलून कोब्याला खाचा पाडल्या आणि वर वीतभर भाताचा पेंढा टाकला. शेवटी नेण्याची पद्धत बदलली. दोर ढिला, डोकं तिच्या सवयीच्या उंचीला (दोर वर ओढला की झोक जास्त जातो), वळण मोठं, आणि चारही पाय टेकेपर्यंत थांबायचं.

फिरवतो फक्त ओहोटीला, घट्ट ओल्या वाळूवर, पाण्याला समांतर. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, तशी वेळ बदलतो. पाठीवर कोणालाही बसवत नाही, मुलांनाही नाही.

आजार आहे तसाच आहे. दिवाळीपासून मात्र ती एकदाही पडलेली नाही. वाळूत मागच्या खुरांच्या फरफटीच्या दोन रेघा अजून उमटतात. त्या लांबल्या की त्या दिवशी लवकर परततो.