फायबरच्या लाइनीत यायचंय? आधी हे बघ

दहावीचा निकाल लागला की परभणीकडची लेकरं विचारतात, "दादा, तुमच्या लाइनीत यायचं तर कोणता कोर्स करू?" मी म्हणतो, आधी डोळे तपासून ये. इंटरनेट नेणाऱ्या फायबर केबलच्या एका नळीत बहुधा बारा धागे असतात आणि ते ओळखायचे फक्त रंगावरून : निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, फिरोजी. क्रम आठवडाभरात पाठ होतो, पण हिरवा आणि तपकिरी सारखेच दिसत असतील तर पाठांतर काय कामाचं? रंगांधळेपणा डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत कळतो. तो फी भरण्याआधी कळलेला बरा.

मग आयटीआय. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड या कामाला जवळचा आहे. दहावीला गणित-विज्ञान हवं. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला उन्हाळ्यातच काढून ठेव, जूनमध्ये सेतूवर रांग लागते. ट्रेड झाल्यावर अप्रेंटिसशिप टाळू नकोस. अठरा पूर्ण झाले की गाडीचं लायसन्सही काढ, कारण फॉल्ट कधी शेजारच्या गल्लीत नसतो.

आता खरं काम. धाग्यातली काच १२५ मायक्रॉन जाडीची, आणि उजेड धावतो तो तिच्या मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनमधून. म्हणून आपल्याकडची धूळ हाच या कामाचा शत्रू. माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात जिंतूर रस्त्याच्या कडेला, वाऱ्यात बसून मी धाग्यांची टोकं वितळवून जोडणाऱ्या मशीनवर चोवीस जोड मारले. मशीनचा अंदाज चांगला होता, पण संध्याकाळी ओटीडीआरने, म्हणजे धाग्यात उजेड सोडून कुठे किती घटला ते आलेखावर दाखवणाऱ्या यंत्राने, तीन जोडांवर पायरी दाखवली. तिन्ही कापून पुन्हा केले, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. तेव्हापासून आधी आडोसा, मग मशीन. सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लिव्हरने (धागा सरळ कापायचं हत्यार) कापायचं, आणि कापल्यावर टोकाला कशाचाही स्पर्श नाही. पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं पाणी आणि ग्लिसरीन काचेवर थर सोडतं. घरी तुटक्या केबलीवर शंभर-दोनशे वेळा नुसतं सोलण्या-कापण्याचा सराव कर. हात तिथेच तयार होतो.

मापाचं गणित डोक्यात पक्कं हवं. ३ डीबी (डेसिबल, उजेड किती घटला त्याचं माप) गेले म्हणजे निम्मा उजेड गेला, १० डीबी गेले म्हणजे दहावा भाग उरला. एका धाग्याचा उजेड आठ धाग्यांत वाटणारा एकास आठचा स्प्लिटर एकटाच दहा डीबीच्या आसपास खातो. गिऱ्हाईकाच्या घरी उजेड मोजायच्या पॉवर मीटरवर उणे १८-२० डीबीएम आलं तर निश्चिंत राहा. उणे २७च्या खाली गेलं तर आज चाललं तरी पावसाळ्यात तक्रार येणारच. हिरवा कनेक्टर निळ्याला जोडू नकोस, दोन्हींची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात. आणि धाग्याच्या टोकात कधीही डोकावू नकोस. तो उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

खांबावर चढण्याबद्दल मी कडक आहे. खांबावरून घरात जाणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बहुतेक वेळा पोलादी तार असते आणि वरून ११ केव्हीची लाइन गेलेली असते. बेल्ट नसेल, शिडी धरायला माणूस नसेल, तर खाली उतर आणि सुपरवायझरला सरळ नाही म्हण. मे महिन्यात पारा ४३ वर जातो तेव्हा खांबाचं काम सकाळी अकराच्या आत उरकायचं. पावसात काळ्या रानात गाडी घालायची नाही, चिखल चाकात भरला की ती तिथेच राहते.

बॅगेत धागा सोलायचा स्ट्रिपर, क्लिव्हर, पॉवर मीटर, तुटलेली जागा शोधायचा लाल उजेडाचा पेन, जोडावर चढवायच्या स्लीव्ह, टेस्टर, पाण्याची बाटली आणि एक वही असू दे. वहीत प्रत्येक जोडाचा खांब नंबर आणि रंग लिहून ठेव. सहा महिन्यांनी जेसीबीने केबल तोडली की तीच उघडावी लागते. शिवाय झाकणाची एक छोटी डबी ठेव, काचेच्या तुकड्यांसाठी. ते तुकडे दिसत नाहीत, बोटात शिरले की निघत नाहीत. डबी बंद करून हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही.