ई-रीडर घ्यायचाय? आधी पुठ्ठा कापा

ऑफिसमधे दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, अरे किंडल (अमेझॉनचा ई-रीडर, म्हणजे पुस्तकं वाचायचं यंत्र) कुठला घेऊ, आणि मी उलट विचारतो की तू वाचतोस काय आणि कुठे बसून, की समोरचा गप्प. खरं सांगायचं तर मॉडेलची चर्चा त्याच्यानंतरची आहे.

पहिलं म्हणजे तुमची पुस्तकं कुठून येतात ते बघा. विकत घेऊन वाचणार असाल तर किंडल सोपा पडतो, मराठी पुस्तकं अमेझॉनच्या स्टोअरवर डिसेंबर २०१६ पासून आहेत आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल्स असतील तर कोबो हा दुसऱ्या कंपनीचा रीडर त्या केबलने थेट घेतो, किंडलला त्या सेंड टू किंडल या अमेझॉनच्याच सोयीने पाठवाव्या लागतात, ईपबसाठी ती सोय २०२२ पासून आहे, आणि जातात नीट. वेगवेगळ्या अ‍ॅप्समधे पुस्तकं पसरलेली असतील तर बूक्ससारखा अँड्रॉइडवाला रीडर बघा, त्यात प्ले स्टोअर मिळतं, फक्त बॅटरी बाकीच्यांसारखी आठवडेच्या आठवडे चालेल अशी आशा ठेवू नका.

आता आपल्या मराठी माणसाची खरी गोची, म्हणजे पीडीएफ. आर्काइव्ह डॉट ऑर्गवरून उतरवलेली जुनी पुस्तकं, दिवाळी अंकांचे स्कॅन, कोणीतरी ग्रुपवर टाकलेलं काहीबाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षर मोठं होत नाही, सगळं पानच मोठं होतं आणि मग तुम्ही एक ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवत बसता. जुन्या फाँटमधे टाइप केलेली पीडीएफ तर कॅलिबर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममधे टाकून ईपब करायला गेलात की नुसती अगम्य चिन्हं येतात, मी दोन रविवार घालवलेत त्यात.

म्हणून पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा १२ बाय ९ सेंटीमीटर तुकडा कापा, तो झाला ६ इंची स्क्रीन. ७ इंची साधारण १४ बाय १०.५. आता नेहमीच्या आकाराची एखादी मराठी कादंबरी घ्या, तिचं पान असतं साधारण २१ बाय १४, ते अख्खं या पुठ्ठ्यात कोंबलं तर अक्षरांच्या मुंग्या होणार की नाही? १०.३ इंची स्क्रीन मात्र जवळजवळ २१ बाय १५.५ भरते, म्हणजे पान जसंच्या तसं. तुमचं निम्म्याहून जास्त वाचन स्कॅनचं असेल तर पैसे साठवा आणि मोठाच घ्या, नाहीतर ६-७ इंची भरपूर झाला.

तोच पुठ्ठा घेऊन एक दिवस ट्रेनमधे जा. हसू नका. ठाण्याहून फास्ट पकडली, एक हात हँडलला, दुसऱ्या हातात पुठ्ठा, आणि अंगठा पान उलटायला पोचतोय का बघा. बेसिक किंडल १५८ ग्रॅमचा आहे, त्याच्या वरचा ७ इंची किंडल पेपरव्हाइट २११, हा फरक मुलुंडपर्यंत जाणवत नाही, दादरपर्यंत जाणवतो. पान उलटायला बटणं हवी असतील तर कोबो लिब्रा, किंडलमधे आता बटणंवाला येत नाही. चौथ्या सीटवर बसून वाचणाऱ्यांना हे सगळं माफ.

पावसाळ्यासाठी आयपीएक्स८, म्हणजे पाण्याने बिघडणार नाही असं रेटिंग बघा, पेपरव्हाइटला आहे, बेसिकला नाही. आणि घर वन रूम किचन असेल, सगळे झोपल्यावर वाचायची सवय असेल तर पिवळसर उजेड म्हणजे वॉर्म लाइट घ्याच, तोही बेसिकमधे नाही.

रंगीत स्क्रीन? मुलांची चित्रांची पुस्तकं किंवा कॉमिक्स असतील तरच. रंगाचा थर वर बसवलेला असतो त्यामुळे पांढरा भाग करडा दिसतो आणि रंगीत चित्र १५० पीपीआयलाच (एका इंचात १५० ठिपके, जास्त तितकं सुबक) येतं.

सेकंड हँड घेत असाल तर २०१९ चा बेसिक किंडल टाळा, १६७ पीपीआय आहे. इंग्रजी चालून जातं, पण राष्ट्र्य, द्ध, क्ष्म असली जोडाक्षरं बारीक फाँटमधे लिबलिबीत दिसतात. ३०० च हवा. आणि विकणाऱ्याने आपलं अकाउंट त्यावरून तुमच्या समोर काढून टाकलंय ना ते बघूनच पैसे द्या.

कव्हर मात्र कडक घ्या, मऊ पाऊच नको. माझा पहिला रीडर सॅकमधे स्टीलच्या डब्याला खेटून होता, कुर्ल्याला गर्दी आत घुसली आणि काचेचा आवाजसुद्धा आला नाही. या स्क्रीनला चित्र बदलायलाच वीज लागते, धरून ठेवायला लागत नाही, त्यामुळे तो अजून माळ्यावर पडलाय आणि चार्जिंग कधीच संपलं तरी त्यावर अर्धं पान तसंच दिसतंय, खालचं अर्धं नुसत्या रेघा.