मसल कारचा भाव घरूनच ठरवून निघा

मसल कार म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या, मोठ्या इंजिनांच्या अमेरिकन गाड्या. सगळ्यात आधी, त्यातली नेमकी कुठली हवी ते कागदावर उतरवा. "एखादी सत्तरची शेव्हेल" एवढ्यावर भाव निघत नाही. शेव्हरलेच्या १९७० च्या शेव्हेल मालिबूत ३५० चं (हे आकडे इंजिनाचे, घन इंचांत) व्ही-८ असेल तर एक भाव, तीच गाडी ३९६ ची एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट, असेल तर दुसरा. आणि ४५४ चं एलएस६ इंजिन, म्हणजे शेव्हरलेच्या आकड्यानुसार ४५० हॉर्सपॉवर, कागदोपत्री सिद्ध होत असेल तर तिसराच, पहिल्याच्या कितीतरी पट. तिघींचा पत्रा बहुतेक सारखाच. दहा फुटांवरून दिसतात ते बॉनेटवरचे पट्टे आणि बॅज, आणि ते दोन्ही कॅटलॉगमधून घरपोच येतात.

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, भरते. आपली मराठी मंडळी, त्यातले बरेच गाड्यांच्याच कंपन्यांत नोकरीला, फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आणि दुपारी चारच्या सुमाराला कुणीतरी म्हणतंच, "आपण पण एक टाकूया का रे?" टाका की. फक्त त्या आठवड्यात नको. जुन्या गाड्यांची हौस इथे उन्हाळ्यात चढते आणि नोव्हेंबरात गॅरेजमधली जागा कमी पडायला लागली की उतरते.

गाडी ठरली की तिचा ओळख-नंबर, म्हणजे व्हिन, वाचायला शिका. १७ आकडी व्हिन १९८१ पासून आला, त्यामुळे गाडीचा पूर्वइतिहास सांगणारा कारफॅक्सचा रिपोर्ट या गाड्यांना लागू नाही. पण जुना छोटा नंबर बोलका आहे, फक्त प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. १९६६ च्या मस्टँगवर "६आर०७सी" असं सुरू होत असेल तर ६ म्हणजे १९६६, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ चं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं व्ही-८. सीच्या जागी टी असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्माला आलीय, आज बॉनेटखाली काहीही गुरगुरत असो. त्याचा पडताळा उभ्या उभ्या होतो. त्या वर्षीच्या सहा सिलिंडरवाल्या मस्टँगच्या चाकाला चार बोल्ट, व्ही-८ ला पाच. पाँटियाक जीटीओचा नंबर १९६६ ते १९७१ मध्ये २४२ ने सुरू होतो. १९६८ ते ७० च्या डॉज चार्जर आर/टीचा एक्सएस२९ ने, आणि पाचवं अक्षर इंजिन सांगतं.

शेव्हेल इथे दगा देते. १९६६ ते ६८ च्या एसएस ३९६ ला १३८ हा वेगळा आकडा होता. १९६९ पासून एसएस हा नुसता ऑप्शन झाला, आणि व्हिनवर साधी मालिबू आणि एसएस दोघी १३६. मग पुरावा कागदाचाच. बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं ते सांगणारा कारखान्यातला कागद, कधी सीटच्या स्प्रिंगांत सापडते, कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली, उंदरांनी कुरतडलेली. फोर्डचं काम सोपं आहे, १९६७ पासूनच्या गाडीचा मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींचा उतारा, थोड्या डॉलरांत मिळतो. पाँटियाकच्या कारखान्याच्या नोंदी पीएचएस (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) कडून येतात. शेव्हरलेच्या तशा नोंदी मुळात कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांच्याच मिळतात. म्हणून कागद नसलेल्या "एसएस"ला मी मालिबूचा भाव धरतो, वर चांगल्या कामाचे थोडे. क्लोन, म्हणजे एसएससारखी सजवलेली साधी गाडी, असणं हा गुन्हा नाही, क्लोन म्हणूनच विकली तर उत्तम गाडी असते. पैसे मात्र क्लोनचेच द्यायचे.

तेव्हा फोनवर भाव विचारण्याआधी चार फोटो मागा: व्हिनची पट्टी, काउल टॅग (इंजिनामागच्या पत्र्यावरची कारखान्याची पट्टी), इंजिनवरचा ठोकलेला नंबर आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद. टाळाटाळ झाली तर पेट्रोल वाचलं समजा.

आता भाव. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, त्यावरून काही ठरवू नका. गाडी खरोखर कितीला गेली ते बघा. ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या वेबसाइटवर झालेले सौदे जुन्या तारखांसकट दिसतात, मेकम आणि बॅरेट-जॅक्सन या लिलाव कंपन्यांचे निकालही मिळतात. लिलावात घेणाऱ्याला हातोड्याच्या आकड्यावर प्रीमियम द्यावा लागतो, तेव्हा आकडा प्रीमियम धरून आहे की सोडून ते पाहा, नाहीतर तुलनाच चुकते. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या हॅगर्टीच्या भावपुस्तकात गाडीच्या अवस्थेचे चार क्रमांक आहेत: एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, चार म्हणजे चालती पण डागडुजीची. बाजारातल्या बहुतेक गाड्या तीन नंबरच्या असतात, आणि विकणारा हमखास "सॉलिड टू" म्हणतो. तुम्ही तीन धरून निघा. दोन आहे हे गाडीला सिद्ध करू द्या.

बातम्यांतले आकडे विसरा. २०१४ मध्ये सिएटलला प्लिमथची १९७१ ची हेमी कुडा (बाराकुडाचीच दमदार आवृत्ती, हेमी हे तिचं इंजिन) कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरला गेली, कारण तशा मोजून ११ बनल्या होत्या. त्याच अंगाची ३१८ ची बाराकुडा घेऊन बसलेला माणूस ती बातमी दाखवून भाव सांगतो, हे मी ऐकलंय. उलट १९६६ या एका वर्षात मस्टँग सहा लाखांहून जास्त बनल्या. साध्या हार्डटॉपला "रेअर" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, पुढची बघा. जुन्या मासिकातले भावही नकोत. २००६-०७ मध्ये हेमीचे भाव गगनाला भिडले होते, नंतर आपटले. हॉर्सपॉवरच्या आकड्यालाही फसू नका: १९७१ चं ४५४ चं एलएस५ इंजिन ग्रॉसमध्ये (नुसतं इंजिन मोजून) ३६५ आणि नेटमध्ये (गाडीतल्या सगळ्या जोडण्यांसकट) २८५, इंजिन तेच. १९७२ ला फक्त नेट छापायला लागले. तरी बाजार १९७० ला जास्त मोजतो, कारण १९७१ ला जीएमने कॉम्प्रेशन खरोखरच उतरवलं.

पिशवी आदल्या रात्री भरा. फ्रिजवरचं लोहचुंबक, टॉर्च, दांडीचा छोटा आरसा, खाली झोपायला जुनी सतरंजी, रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर ते. आणि तांब्याभर पाणी.

तांब्याची गोष्ट सांगतो. माझी पहिली गाडी १९६६ ची लाल मस्टँग. रंग असा की त्यात भांग पाडावा. चुंबक फिरवलं, खालून बघितली, मागितले त्याच्या जवळपास पैसे दिले. दुसऱ्या शनिवारी पाऊस आला आणि बायको म्हणाली, "अहो, माझे मोजे ओले का झाले?" त्या मस्टँगच्या काचेपुढे हवेची जाळी आहे, तिच्याखाली काउल नावाची पत्र्याची पेटी. जाळीतून आलेलं पाणी तिथून दोन्ही बाजूंनी जमिनीवर पडायला हवं. पेटी आतून सडली की ते डॅशखालून कार्पेटवर टपकतं. हा गंज बाहेरून दिसत नाही, आणि नीट करायला फेंडर उतरवून वरच्या पॅनलचे स्पॉट वेल्ड एकेक करून फोडावे लागतात. त्या कामाचे पैसे मी निमूट भरले. तेव्हापासून प्रत्येक मस्टँगला आधी विचारून जाळीत तांब्या रिकामा करतो आणि टॉर्च घेऊन डॅशखाली मान घालतो. ओहायोतल्या एका आजोबांनी स्टीलचा तांब्या बघून विचारलं, "तुमच्यात गाडी घेण्याआधीच पूजा करतात का?" म्हटलं, हो, साधारण तसंच.

आदल्या दिवशी फोन करून सांगा, इंजिन गार ठेवा. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात. गरम असेल तर काहीतरी लपवायचंय असं मी धरतो, पुन्हा यायची तयारी असेल तरच पुढे जा. गार इंजिन चालू होताना निळा धूर किती वेळ राहतो, तेलाचा दाब किती, टकटक कुठली, हे पहिल्या दोन मिनिटांतच कळतं. मायलेजकडे बघून हसा. बहुतेकांचं मीटर पाच आकडी, एक लाखाला पुन्हा शून्यावर येतं. टायटलवरही मायलेजच्या जागी "एक्झेम्प्ट", म्हणजे नोंदीतून सूट, असतं.

मग पत्रा. भावाचा निम्मा निकाल इथे लागतो, कारण इंजिनाचं काम ठरलेल्या पैशांत होतं. सडलेल्या पत्र्याचं मात्र खोदाल तितकं वाढतं. मागच्या चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडांना आणि क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरच्या पत्र्याच्या) शेवटच्या वीतभर भागात चुंबक सावकाश फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते टक्क करून बसतं. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तर जागेवर येताच त्याची पकड सुटते आणि हातात नुसता फ्रिजचा गणपती उरतो. शेव्हेलला व्हिनाइलचं छत असेल तर मागच्या काचेची खालची कड बोटांनी दाबा, छताखाली पाणी मुरतं आणि डिकीच्या तळाशी जातं. डिकीतलं मॅट उचला. मस्टँगचे पुढचे शॉक टॉवर भेगांसाठी बघा. मिशिगन-ओहायोत रस्त्यावर मीठ पडतं, म्हणून लोक ॲरिझोनाची गाडी शोधतात, बरोबर करतात. तिचा पत्रा वाचलेला असतो. रबर, डॅश आणि सीट उन्हाने भाजून निघालेले असतात, पण ते विकत मिळतं.

"मॅचिंग नंबर्स", म्हणजे इंजिन या गाडीचंच मूळचं, हे दोन शब्द ऐकले की सतरंजी अंथरा. नुसता नंबर जुळणं पुरेसं नाही, घासून नवा ठोकता येतो. तारीख बघा. एक सत्तरची एसएस मी अशीच सोडली. काउल टॅगवर ०२सी, म्हणजे बॉडी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. इंजिनवर ठोकलेला नंबर झकास जुळत होता. मग स्टार्टरजवळ आरसा घालून ब्लॉकवरची ओतकामाची तारीख वाचली: सी १२ ०. सी म्हणजे मार्च. इंजिन ओतायच्या आधीच गाडी तयार झाली होती म्हणे! विकणारा बहुधा खरोखरच अनभिज्ञ होता, त्यालाही कुणीतरी तसंच विकलेलं. मी भांडलो नाही, फोटो दाखवला. मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्टही मोजा: सत्तरच्या एसएसला १२ हवेत. १० असतील तर विषय जवळजवळ संपला, १२ असले तरी सिद्ध काहीच होत नाही.

हिशेब तिथेच करू नका, गाडीत बसून करा, आपल्या. समजा, तीन नंबरच्या तशाच गाड्या अलीकडे ३८, ४१ आणि ४४ हजाराला गेल्या. ४१ धरा. त्यातून वजा फक्त ते, जे तीन नंबरच्या गाडीत नसायला हवं: सडलेलं काउल, मूळचं नसलेलं इंजिन मूळचं म्हणून सांगितलेलं, ब्रेक. जुने टायर आणि दारावरचा टवका वजा करू नका, ते तीन नंबरच्या भावात आधीच आलेत. आणि समोरच्याने "मी हिच्यात ६० हजार घातलेत" म्हटलं की मान डोलवा. खरंच घातले असतील. पण त्याच्या हौसेचं बिल तुमच्या नावावर नाही. उलट एक खरं आहे: झालेलं चांगलं काम तुम्हाला नंतर करून घ्यायला त्याहून महाग पडतं, त्यामुळे बिलांची फाइल असलेल्या गाडीला थोडं जास्त द्यायला मी कधी कचरत नाही.

उरलेल्या आकड्यावर एक हजार मागेपुढे, यापेक्षा जास्त घासाघीस करू नका. चाळीसला सांगितलेली पंचवीसला मागितली की म्हातारी माणसं दुखावतात आणि तुम्हालाच नव्हे, तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक देसी माणसाला दार लावून घेतात. पन्नास हजारांच्या आसपासचा सौदा असेल तर काही शे डॉलर देऊन त्या मॉडेलचा जाणकार बोलवा, आपण कितीही शहाणे असलो तरी. आणि विम्याचा अंदाज आधीच घ्या, "ॲग्रीड व्हॅल्यू"चा, म्हणजे गाडीची किंमत आधीच ठरवून केलेल्या विम्याचा. साध्या पॉलिसीत जुन्या गाडीची किंमत घसारा लावून काढतात.

विसार द्यायचा तर लेखी, आणि परतीची अट घालून. उरलेले पैसे बँकेत समोरासमोर, टायटल हातात आल्यावर. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर हवं, कर्जाचा शेरा नको, आणि त्यावरचा व्हिन डॅशवरच्या किंवा दाराच्या पट्टीशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची चूक जुन्या टायटलांवर सापडते. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी त्या दिवशी पैसे देऊ नका. आधी त्याला ते त्याच्या राज्याच्या कचेरीतून दुरुस्त करून आणू द्या.