अर्धशिशीसाठी मॅग्नेशियम: किती, कधी आणि किती दिवस

मॅग्नेशियमची गोळी घ्यायची ती पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून. डोकं ठणकायला लागल्यावर दोन गोळ्या जास्त घेतल्या तर ठणका तसाच राहतो आणि वर पोट बिघडतं. चालू झटक्यावरचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तेच घ्यावं.

हा उपाय अर्धशिशीपुरता आहे, प्रत्येक डोकेदुखीचा नव्हे. क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि आखडलेली मान, हातापायातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर गोळीच्या नादी न लागता तडक दवाखाना गाठा.

अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत मॅग्नेशियमला 'बहुधा उपयुक्त' असा दर्जा होता. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या 81 रुग्णांच्या चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नवव्या ते बाराव्या आठवड्यात झटके सुमारे 42 टक्क्यांनी घटले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे 16 टक्क्यांनी. फरक आहे, पण चमत्कार नाही. त्याच चाचणीत औषध घेणाऱ्या जवळपास पाचातल्या एकाला जुलाब झाले.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो डबीवरच्या आकड्यात. 'मॅग्नेशियम सिट्रेट 1000 मिलिग्रॅम' लिहिलेलं असतं तेव्हा त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण 160 मिलिग्रॅमच असतं. बाकी वजन सिट्रेटचं. मॅग्नेशियम ग्लायसिनेट या दुसऱ्या प्रकारात हे प्रमाण 14 टक्क्यांच्या आसपास. ऑक्साइडमध्ये तब्बल 60 टक्के, म्हणून ते स्वस्तात भरघोस दिसतं. पण शरीरात कमी शोषलं जातं आणि उरलेलं आतड्यात पाणी ओढून घेतं. डबीच्या मागे 'एलिमेंटल मॅग्नेशियम', म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा आकडा शोधा आणि तो एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांच्या 'सर्व्हिंग'चा, तेही बघा. एलिमेंटलचा आकडाच दिला नसेल तर ती डबी परत ठेवलेली बरी.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. मूत्रपिंड मंद असेल तर जादा मॅग्नेशियम बाहेर पडत नाही. मग सुस्ती, स्नायूंचा अशक्तपणा, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं इथपर्यंत मजल जाते. मूत्रपिंड मंद असलेल्यांनी हे स्वतःहून घेऊच नये. गरोदर बायकांनीही आधी विचारावं. रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल आलं तरी त्यावरून फार काही ठरत नाही, कारण शरीरातल्या साठ्याचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो.

सिट्रेट किंवा ग्लायसिनेट घ्या. पहिला आठवडा रात्रीच्या जेवणानंतर 100 ते 150 मिलिग्रॅम एलिमेंटल. पोट ठीक राहिलं तर दर आठवड्याला तेवढंच वाढवा आणि सकाळ-रात्र असं विभागून 400 वर थांबा. अमेरिकेत पूरक गोळ्यांसाठी ठरवलेली सर्वसाधारण वरची मर्यादा 350 आहे, म्हणून त्यापुढची मात्रा, 400 सुद्धा आणि विशेषतः 600, डॉक्टरांना सांगूनच. शौचाला पातळ होऊ लागलं तर आधीच्या मात्रेवर या. सिट्रेटने त्रास होत असेल तर ग्लायसिनेट बहुतेकांना सोसतं. आम्लपित्तावरची जेल आणि पोट साफ होण्याची काही औषधं यांतही मॅग्नेशियम असतं, ते हिशोबात धरा. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) मात्र अर्धशिशीसाठी पाण्यात घालून पिऊ नका. मात्रेचा अंदाजच राहत नाही.

थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत किमान चार तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमच्या दोन तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. नाहीतर दोन्ही आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि अँटिबायोटिक वाया जातं. सकाळी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मॅग्नेशियम दुपारी आणि रात्री घ्यावं, सोपं पडतं.

पाळीच्या आसपासच डोकं उठत असेल तर रोजच्या ऐवजी चक्राच्या पंधराव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत घेण्याची पद्धतही आहे. जोडीला काही डॉक्टर रिबोफ्लेविन, म्हणजे बी-2, रोज 400 मिलिग्रॅम देतात. त्याने लघवी गर्द पिवळी होते, घाबरायचं कारण नाही.

जेवणातून मिळेल तेवढं घ्याच. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 146, ज्वारीत 133, बाजरीत 124 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. 

सुरू करण्याआधीच्या महिन्यापासून कॅलेंडरवर खुणा करा: दुखलेला दिवस, किती तास, कोणती वेदनाशामक गोळी. साध्या वेदनाशामकांचे दिवस महिन्याला 15 किंवा मिश्र (एकाहून जास्त औषधं असलेल्या) गोळ्यांचे आणि ट्रिप्टानचे, म्हणजे अर्धशिशीच्या झटक्यावरच्या खास गोळ्यांचे, 10 भरत असतील, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत असण्याची दाट शक्यता असते आणि तिथे मॅग्नेशियम हात टेकतं. बारा आठवड्यांनी खुणा मोजा. दुखण्याचे दिवस कमी झाले नसतील तर गोळी बंद करा आणि प्रतिबंधक औषधांसाठी तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा.