तालुका कोर्टात प्रॅक्टिस करताना घटनेचा अभ्यास चालू कसा ठेवायचा

घटनेची कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क), २२ (अटकेबाबतचं संरक्षण) म्हणजे हायकोर्टवाल्यांचं काम असं बऱ्याच ज्युनिअर्सना वाटतं, पण खरी गरज तर रिमांडच्या वेळी खालच्या कोर्टातच असते ना. म्हणून एका वेळी एकच विषय धरा.

समजा अटकेची कारणं. आधी घटनेचं कलम २२(१) मूळ शब्दांत वाचा, मग बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७, आणि मग सुप्रीम कोर्टाचे निकाल क्रमाने, डी. के. बसू, अर्नेश कुमार (२०१४), पंकज बन्सल (२०२३), विहान कुमार (२०२५). हेडनोटवर (निकालाच्या सुरुवातीला दिलेल्या सारांशावर) थांबू नका प्लीज, पूर्ण निकाल वाचा! विहान कुमारमध्ये कोर्टाने सरळ म्हटलंय की कारणं सांगितली हे सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची, आणि नेमका तो पॅरा नंबर तुमच्या वहीत पाहिजे, कारण मॅजिस्ट्रेटसमोर तुम्हाला दोनच मिनिटं मिळतात.

निकाल सुप्रीम कोर्टाच्या ईएससीआर पोर्टलवर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवाद पण आहेत, पक्षकाराला समजावताना ते फार कामी येतात, मात्र कोर्टात दाखवायला इंग्रजी प्रतच न्या.

आणि एकटे वाचू नका. बाररूममध्ये चार-पाच जण बसा, एकाने सरकारी वकील व्हायचं, एकाने रिमांडला विरोध करायचा, खऱ्या अटक पंचनाम्याची नाव-पत्ता खोडलेली झेरॉक्स घ्यायची आणि कारणं लेखी दिलीत का, पोच घेतलीय का, नातेवाइकांना कळवलंय का, हे एकेक रकाना बघत शोधायचं.